हाडापलीकडचा तांबडा उजेड

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स यॉब्सिस यांच्या घरी एकदा जेवणात गोमांस होतं. त्यातलं खांद्याचं चपटं हाड उजेडासमोर धरलं, तर मागच्या बोटाची सावली दिसली. तांबडा प्रकाश हाडातून जातो, मग निकट-अवरक्त प्रकाश कवटीतून का जाणार नाही? १९७७ साली 'सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. डोक्यातून पार होणाऱ्या प्रकाशावरून मेंदूतल्या प्राणवायूचा अंदाज घेता येत होता, कवटीला धक्काही न लावता!

प्राणवायू घेतलेलं आणि सोडलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. १९९३च्या सुमारास याच फरकावरून मेंदूचा कोणता भाग कामाला लागला, तेही टिपता येऊ लागलं.

मी याच प्रकाशाच्या पद्धतीनं तान्ह्या मुलांच्या मेंदूचा अभ्यास करते. प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोचतो, हे खरं. पण एमआरआयच्या बोगद्यात जागं बाळ निश्चल कसं ठेवणार? इथे ते प्रकाश सोडणारी आणि टिपणारी टोपी घालून आईच्या मांडीवर बसतं, बाहुली बघतं, हात नाचवतं.

अशी टोपी खेड्यातही नेता येते, म्हणूनच गांबियातलं केनेबा गाव मला या इतिहासात फार मोठं वाटतं. या पद्धतीनं तिथल्या बाळांच्या केलेल्या अभ्यासाचा पहिला अहवाल २०१४ साली आला. तोवर बाळांच्या मेंदूविषयीचं बहुतेक ज्ञान श्रीमंत देशांतल्या बाळांवरूनच आलेलं, आणि कुपोषणाची झळ मात्र दुसऱ्याच बाळांना! पुढे 'ब्राइट' प्रकल्पानं केनेबातली आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजची मुलं जन्मापासून दोन वर्षांची होईपर्यंत अभ्यासली, तीही सारख्याच चाचण्यांनी.