डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील ‘मानमोडी’ : पिल्लांचा रोग आणि लशीची वाट

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके. येथील 1945 च्या वारली उठावाचा इतिहास लिहिताना वेठ आणि लग्नगडी या प्रथांची चर्चा विस्ताराने होते. पाड्यावरील कोंबडीची सहसा होत नाही. वस्तुतः कोंबडी ही वारली कुटुंबाची हाताशी असलेली पुंजी होती. देवाला, पाहुण्याला आणि दारी आलेल्या जंगलखात्याच्या शिपायालाही तीच द्यावी लागे. साथीत खुराडे रिकामे झाले की ही पुंजीच बुडे.

या साथींत सर्वांत घातक ‘मानमोडी’. मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवट हगवण लागते. पिल्ले तर पुष्कळदा लक्षणे ध्यानी येण्यापूर्वीच मरतात. 1926 मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळलेला हा विषाणुजन्य रोग लवकरच कुमाऊंतील राणीखेत येथे नोंदला गेला आणि भारतात त्याच नावाने रूढ झाला. त्यावर औषध नाही. प्रतिजैविके केवळ दुय्यम संसर्ग आवरतात. 1940 च्या दशकात मुक्तेश्वर येथील संस्थेत लस सिद्ध झाली खरी, परंतु ती सहा-आठ आठवड्यांवरील पक्ष्यांनाच सोसते. कोवळ्या पिल्लांच्या डोळ्यात वा नाकपुडीत थेंब टाकण्याच्या ‘एफ’ व ‘लासोटा’ या सौम्य लशी नंतर आल्या.

येथून पुढचा प्रश्न प्रयोगशाळेचा नव्हे, वाटेचा आहे. लशीला 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान लागते. एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात आणि एकदा विरघळवल्यावर ती काही तासांत संपवावी लागते. पाड्यावर घरागणिक मोजकेच पक्षी, तेही दिवसभर मोकळे. पहाटे खुराडे उघडण्यापूर्वी पोहोचणाऱ्यालाच ते हाती लागतात. कुपीचे माप पोल्ट्री फार्म नजरेसमोर ठेवून ठरले, हे उघड आहे. आजारी पक्षी मरण्यापूर्वी कापणे किंवा बाजारात नेणे यातून रोग पसरतो. तथापि पुंजी वाचवण्याचा तोच मार्ग कुटुंबापाशी उरतो. भगताच्या उताऱ्यास अंधश्रद्धा म्हणणे सोपे. बर्फाची पेटी येत नव्हती त्या काळात पाड्यावर दुसरे कोण येत होते?

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर या आदिवासी तालुक्यात बर्ड फ्लूचे निदान झाले. तेथे मोठ्या पोल्ट्री फार्मना धोका होता. अवघ्या काही दिवसांत शासकीय पथके भोवतालच्या गावांतील परसांपर्यंत पोहोचली. मात्र ती कोंबड्या नष्ट करण्यासाठी.