चांद्रपोशाख : आरंभीचे नमुने

चंद्राच्या पृष्ठभागावर माणसाला वावरता यावे म्हणून १९६०च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघात तयार झालेले प्रायोगिक पोशाख. आत हवा कोंडून ठेवणे हे त्यातल्या त्यात सोपे काम. खरी पंचाईत वाकण्याची होती. निर्वातात हवा भरलेला पोशाख टम्म फुगतो आणि नुसते कोपर दुमडायलाही ताकद लागते.

१९६२ साली ॲलन हॅझर्ड या अभियंत्याने असाच एक अवजड नमुना मोहावीच्या वाळवंटात घालून पाहिला आणि तो थेट ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. लिटन कंपनीने कडक कवचाचे पोशाख बनवले. त्यांचे सांधे सहज वळत, पण चिमुकल्या यानात ते ठेवायचे कुठे?

१९६५ साली नासाने तीन कंपन्यांचे पोशाख एकमेकांशी ताडून पाहिले. एकाचे शिरस्त्राण चाचणीतच उडाले, दुसऱ्याचे खांदे इतके रुंद की आतला माणूस यानाच्या दारातून परत शिरेना, असे सांगतात. बाजी मारली ती इंटरनॅशनल लेटेक्सने. ‘प्लेटेक्स’ नावाने बायकांची अंतर्वस्त्रे विकणारी ही कंपनी! तिने गुडघ्या-कोपराशी हार्मोनियमच्या भात्यासारखे रबरी सांधे बसवले. शिवणकाम कसलेल्या महिला कारागिरांकडे होते. टाका मिलिमीटरभर सरकलेलाही खपत नसे. अंगालगतच्या कपड्यात बारीक नळ्या ओवून त्यांतून गार पाणी खेळवले जाई. जानेवारी १९६७मध्ये अपोलो १ यानाला आग लागून तीन अंतराळवीर दगावले. त्यानंतर बाहेरचा थर न जळणाऱ्या काचतंतूंच्या कापडाचा झाला.

चंद्रावरच्या धुळीचा पुरता अंदाज मात्र पृथ्वीवर आलाच नव्हता. धारणी-चिखलदऱ्याकडचे गाविलगडचे डोंगर बेसॉल्टचे आहेत. चंद्रावरची काळसर मैदानेही बेसॉल्टचीच. वऱ्हाडात ऊन-पावसाने या खडकाची कपाशीची काळी माती झाली. चंद्रावर ना पाणी, ना वारा. उल्कांच्या माऱ्याने पडलेला चुरा तिथे काचेसारखा धारदारच राहतो. डिसेंबर १९७२मध्ये अपोलो १७चे सर्नन आणि श्मिट तीन फेऱ्यांत मिळून सुमारे २२ तास बाहेर होते. तेवढ्यात त्यांचे हातमोजे झिजले आणि सांधे धुळीने कुरकुरू लागले.

सोव्हिएत ‘क्रेचेत’ पोशाख निमकडक होता. पाठीवरचे दार उघडून त्यात शिरायचे, म्हणजे मदतनीसाची गरज नाही. चंद्रमोहीमच बारगळल्याने तो वापरला गेला नाही. पाठीवरच्या दाराची ती रचना पुढे ‘ओर्लान’ पोशाखात आली आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे रशियन अंतराळवीर याच पोशाखात बाहेर पडतात.