सांडव्याची गोष्ट : नळदुर्ग ते आपली न्हाणी

चूल आवरून, भांडी घासून निवांत बसला असाल, तर दहा मिनिटं माझ्यासोबत इतिहासात चला. राजे-लढायांचा नाही, न्हाणीतल्या हौदाचा इतिहास.

सुरुवात घरातूनच करते. येडशीला आमच्या न्हाणीत सिमेंटचा हौद आहे. तळाला तोटीचा पाइप, वर काठाजवळ जादा पाणी बाहेर जायला एक भोक. आपण त्याला सांडवा म्हणू. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. हौद भरून ठेवायचा आणि पुरवून वापरायचा. एका उन्हाळ्यात पाचव्या दिवशीच तळ दिसायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पाणी जरा जपून वापर." मी जपून वापरत होते, तरी घागर घेऊन शेजारच्या विहिरीवर जावंच लागलं. पुढे स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, तेव्हा कळलं, पाणी मी संपवत नव्हते, हौद गळत होता.

ही दुखणी फार जुनी आहेत. मोहेंजोदडोचं मोठं स्नानगृह साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी ७ मीटर, खोली जवळपास अडीच मीटर. भाजक्या विटा एकमेकींना घट्ट चिकटवून बसवलेल्या आणि त्यांच्या मागे डांबराचा थर, म्हणजे झिरपायला वाव नाही. तळाला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथून बाहेर जायला विटांची मोठी गटार. गळू नये म्हणून लेप, साचू नये म्हणून उतार, निघून जावं म्हणून वाट. आजचा गवंडीही हौद बांधताना याच तीन गोष्टी बघतो.

सांडव्याची खरी कमाल बघायची तर आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गला जा. दुसरा इब्राहिम आदिलशाह १५८० ते १६२७ या काळात विजापूरच्या गादीवर होता. त्याच्या काळात बोरी नदीवर किल्ल्याच्या आत दगडी बंधारा बांधला. बंधाऱ्याच्या पोटात खोल्या काढल्या, तोच पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरली की जादा पाणी ठरवून दिलेल्या दोन वाटांनी खाली कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून एवढं पाणी जातं, तरी आतल्या खोलीत माणूस कोरडा उभा राहतो.

हे जमलं कसं? पाण्याला अडवलं, पण कोंडलं नाही. जादा झालं की कुठून जायचं, ते आधीच ठरवून दिलं. वाट ठेवली नसती तर पाण्याने स्वतःची वाट केली असती, आणि ती बंधाऱ्याला फोडून गेली असती. आपल्या हौदाचंही तसंच. सांडव्याचं भोक बुजलं की पाणी काठावरून सांडतं. त्याच्या पाइपाचा सांधा सुटला की पाणी भिंतीत शिरतं, आणि दगड-मातीच्या भिंतीला ओल म्हणजे कीड.

आता गळती शोधायची कशी ते सांगते. लिहून घ्या.

पहिलं, तोटी बंद करा आणि हौद सांडव्याच्या खाली चार बोटं राहील इतका भरा. पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीने खूण करा. वर झाकण ठेवा. शेजारी पाण्याची एक बादली तशीच झाकून, खूण करून ठेवा. रात्रभर कोणी हात लावायचा नाही.

सकाळी दोन्ही खुणा बघा. दोन्हीकडे सारखंच किंचित कमी झालं असेल, तर ते उन्हाळ्याने आटलेलं. हौदातलं जास्त उतरलं, तर हौद गळतो. पाणी एका उंचीवर येऊन थांबलं, तर त्याच उंचीवर चीर शोधा. थांबतच नसेल, तर दोष तळाचा किंवा तोटीच्या सांध्याचा.

पाणी उतरलंच नाही, पण भिंत ओली आहे? मग सांडवा तपासा. बाहेरून पाइपाच्या सांध्याभोवती कोरडी राख लावा आणि सांडव्यात तांब्या-तांब्याने पाणी ओता. राख जिथे भिजेल, तिथे गळती.

दुरुस्ती फार अवघड नाही. तोटीचा सांधा गळत असेल तर तोटी काढा, कडक झालेला रबरी वायसर बदला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळा आणि पुन्हा आवळा. चीर असेल तर हौद रिकामा करून ती छिन्नीने थोडी रुंद करा, सैल माल झाडून टाका, जागा ओली करा आणि वॉटरप्रूफ पावडर घातलेलं सिमेंट दाबून भरा. त्यावर सात दिवस पाणी मारत राहा. घाई केली की तीच चीर पुन्हा उघडते. सांडव्याचा पाइप भिंतीत दडलेला असेल तर मात्र गवंड्याला बोलवा, पण कुठे फोडायचं ते तुम्ही दाखवा.

थेंबाथेंबाने काय होतं, असं म्हणू नका. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चार-पाच लिटर जातात. आठ दिवसांत दोन-तीन घागरी. त्या घागरी पुन्हा कोणाच्या डोक्यावरून येतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

२०१६ चा एप्रिल आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ती आपल्या येडशीवरूनच पुढे गेली. ज्या मुलखाने रेल्वेने आलेलं पाणी पाहिलं, तिथे गळका हौद चालवून घ्यायचा नसतो.

मोहेंजोदडोचं स्नानगृह भरायला पाणी कोणी वाहिलं, नळदुर्गच्या बंधाऱ्यावर दगड-चुन्याच्या पाट्या कोणी वाहिल्या, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यात बायका असणारच. निदान आपल्या घरातल्या पाण्याचा हिशेब आपण आपल्या हाताने ठेवू. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या हौदाची खूण काय झाली ते सांगायचं. येते, नमस्कार.