फलकनुमा: मराठवाड्याच्या जुन्या राजधानीतला महाल

हैदराबादच्या चारमिनारपासून पाचेक किलोमीटर दक्षिणेला, एका टेकडीवर फलकनुमा पॅलेस उभा आहे. २०१० च्या नोव्हेंबरपासून तिथे ताज समूहाचं हॉटेल चालतं. खोल्या साठच, आणि पाहुण्यांना फाटकापासून वर न्यायला घोडागाडी. बीडजवळच्या कपिलधारच्या माणसाचं या वैभवाशी काय नातं, असं कुणाला वाटेल. नातं आहे, आणि ते जुनं आहे. कपिलधारचा बालाघाटाच्या दरीतला धबधबा, तिथली मन्मथस्वामींची समाधी, कार्तिकी पौर्णिमेची यात्रा, हे सारं सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. शेतसारा इथून जायचा, हुकूम हैदराबादहून यायचे.

हा महाल मुळात निजामाचा नव्हता. पायगा घराण्यातले नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ साली त्याचा पाया घातला. सहावे निजाम महबूब अली खान यांची बहीण त्यांच्या घरात दिलेली होती आणि पुढे ते राज्याचे दिवाणही झाले. बांधकाम आणि सजावटीला नऊएक वर्षं लागली. इटलीचा संगमरवर आला, विलायती झुंबरं आली, विंडसर कॅसलच्या धर्तीवर ग्रंथालय सजलं. जेवणघरात एकाच पंगतीला १०१ माणसं बसतील एवढं लांब टेबल मांडलं गेलं. पायगांच्या जहागिरी दूरवर पसरल्या होत्या. जुन्या बीदर जिल्ह्यातही त्यांची गावं होती, आणि त्या जिल्ह्यात तेव्हा आजच्या लातूरचे उदगीर, निलंगा हे तालुके मोडत. तरीही खर्च एवढा वाढला की नवाब कर्जात रुतले. अखेर १८९७ च्या सुमारास महाल निजामाकडे गेला. बेगमेच्या सल्ल्यावरून नवाबांनी निजामाला तिथे मुक्कामाला बोलावलं आणि त्याला तो इतका आवडला की त्याने पैसे मोजून ठेवून घेतला, अशी कथा हैदराबादेत सांगतात.

ही वर्षं नीट पाहायला हवीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मराठवाडा पिळून काढला. सरकारी कागदांत तेव्हा ‘भीर’ म्हटल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत पाच लाखांच्याही खाली आली. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा लाखाहून अधिक माणसं कमी भरली. काही मेली, काही पोटासाठी परागंदा झाली. अमुक गावच्या साऱ्यातून अमुक झुंबर आलं, असा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. पण आधी जहागिरीचं उत्पन्न आणि मग निजामाचा खजिना, दोन्हींच्या मुळाशी शेतकऱ्याने भरलेला साराच होता.

निजामाने फलकनुमा शाही पाहुण्यांसाठी राखला. पुढे पंचम जॉर्ज म्हणून गादीवर आलेले ब्रिटिश युवराज इथे उतरले. खुद्द महबूब अली खान १९११ च्या ऑगस्टमध्ये याच महालात वारले. सातवे निजाम उस्मान अली खान किंग कोठीत राहत, त्यामुळे टेकडीवरची वर्दळ हळूहळू ओसरली. राज्य भारतात विलीन झाल्यावर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद इथे मुक्कामाला आले. त्यानंतर दारं जवळजवळ बंदच झाली. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि आपल्या जुन्या राजधानीकडे पाठ करून त्याने मुंबईची वाट धरली.

निजामाचे वारसदार मुकर्रम जाह परदेशात स्थिरावले. मालमत्तेचे वाद वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळले आणि महाल धूळ खात राहिला. त्यांच्या पूर्वपत्नी राजकन्या एसरा यांनी पुढाकार घेतला तेव्हा कुठे चक्रं फिरली. ताजशी करार झाला आणि डागडुजीलाच सुमारे दहा वर्षं गेली. छत, लाकूडकाम, गालिचे, जुनं सामान, एकेक गोष्ट हाताळून पूर्ववत करावी लागली. हॉटेल झालं नसतं तर एवढा पैसा आणि एवढे कसबी हात त्या टेकडीवर पोचले नसते, हे मान्यच करायला हवं. २८ नोव्हेंबर २०१७ ला त्या १०१ जणांच्या टेबलावर पंतप्रधान मोदींनी इव्हांका ट्रम्प यांच्यासाठी मेजवानी दिली, तेव्हा फलकनुमा पुन्हा जगभर दिसला.

महाल वाचला, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र तिथली गोष्ट नवाब, निजाम आणि युवराज यांच्यावरच संपते, हे मराठवाड्यातल्या माणसाला सलणारं आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची आठवण दर १७ सप्टेंबरला बीड, लातूर, नांदेडात जागवली जाते. पण ज्या राज्याविरुद्ध तो लढा झाला, त्याच्या महालांचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. फलकनुमाच्या त्या देखण्या ग्रंथालयात भीर जिल्ह्याच्या १९०१ च्या जनगणनेचं एक पान पाहुण्यांसाठी उघडून ठेवायला काहीच हरकत नसावी.