पहिलीतील शंभर मुले

प्राथमिक शाळेच्या दप्तरात फार पूर्वीपासून दोन नोंदवह्या शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. एक हजेरीपट आणि दुसरे जनरल रजिस्टर. कोणत्या इयत्तेत किती मुले आहेत, हे हजेरीपट सांगतो. एकेक मूल शाळेत केव्हा दाखल झाले, कोणत्या इयत्तेत किती काळ राहिले, केव्हा व कोणत्या कारणाने शाळेतून गेले, हे जनरल रजिस्टरवरून जुळवता येते. वरिष्ठ कचेऱ्यांकडे दरसाल जाणारे तक्ते मात्र पटसंख्येवरूनच तयार होत गेले. दुसरी वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिली. आपल्या देशातील प्राथमिक शिक्षणाच्या धोरणावर या साध्या गोष्टीचा किती खोल परिणाम झाला, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे व नगरपालिकांकडे सोपवला. त्याआधी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक फेटाळले गेले होते. मात्र बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपापल्या संस्थानांत सक्तीचा मार्ग धरला होता. शाळा वाढत होत्या, पहिलीचे वर्ग भरून वाहत होते. अशा वेळी १९२९ मध्ये सर फिलिप हारटॉग यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यातील एका आकड्याने सर्वांना धक्का दिला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत अवघी अठरा मुले दिसत होती.

समितीने या हानीची दोन अंगे सांगितली. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच मूल शाळा सोडते, ती गळती. आणि एकाच इयत्तेत मूल एका वर्षाहून अधिक काळ अडकून पडते, ते स्थगन. ही विभागणी मार्मिक होती यात शंका नाही. परंतु शंभर आणि अठरा या दोन आकड्यांच्या तुलनेत गळती व स्थगन ही दोन्ही एकत्र मिसळली गेली होती, आणि त्यांतील कोणाचा वाटा किती, हे त्या तुलनेवरून कळण्याचा मार्ग नव्हता.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गावच्या शाळेत दरवर्षी साठ नवी मुले दाखल होतात. पहिलीतील शेकडा चाळीस मुलांना वर चढवले जात नाही. पुढच्या इयत्तांत मात्र सर्वजण उत्तीर्ण होतात, आणि एकही मूल शाळा सोडत नाही. काही वर्षांत या शाळेच्या पहिलीचा पट शंभरावर स्थिरावेल. त्यांत साठ मुले नवी असतील आणि चाळीस मागील वर्षी बसवून ठेवलेली. दुसरी, तिसरी व चौथी या प्रत्येक इयत्तेत साठ मुले असतील. आता पहिलीची शंभर आणि तीन वर्षांनंतरची चौथीतील साठ मुले समोरासमोर ठेवली, तर चाळीस मुले वाया गेली असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात एकही मूल गेलेले नाही. त्या चाळिसांपैकी प्रत्येकजण उशिरा का होईना, चौथीत पोहोचणारच आहे.

याचा अर्थ त्या काळी गळती नव्हती, असा मुळीच नाही. शंभरावरून अठरावर येणारी घसरण केवळ नापासांनी घडणारी नव्हे. गुरे राखायला, धाकट्या भावंडांना सांभाळायला, सुगीच्या कामाला मुले शाळेतून काढली जात. वर्षाच्या मध्यात केव्हाही दाखल झालेले मूल एकशिक्षकी शाळेत चार इयत्तांच्या गलबल्यात मागे पडे, परीक्षेत नापास होई, आणि मग पुन्हा तोच धडा गिरवण्यापेक्षा शेत बरे, असे आईबापांना वाटे. स्थगनातून गळती उपजत होती. पण नेमक्या याच कारणासाठी दोहोंचा हिशेब वेगळा हवा होता. नापास करण्याच्या पद्धतीत दोष असेल तर उपाय शाळेच्या आत करावयाचा असतो, आणि घरच्या दारिद्र्यामुळे मूल जात असेल तर शाळेच्या बाहेर.

समितीने निष्कर्ष काढला तो असा, की प्रसारापेक्षा दृढीकरणावर, म्हणजे नव्या शाळांपेक्षा असलेल्या शाळा सुधारण्यावर भर द्यावा. ज्या गावांत शाळाच नव्हती, त्यांच्या दृष्टीने या निष्कर्षाची किंमत फार मोठी होती. मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी या विचारसरणीला विरोध केला आणि बहुजनांपर्यंत शिक्षण पोहोचवणे हेच पहिले कर्तव्य, असा पक्ष मांडला.

पटसंख्येच्या पलीकडे जाऊन पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांच्या सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या पुण्याच्या गोखले संस्थेने १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचे फलित काय, आणि शाळा सोडलेली माणसे पुन्हा निरक्षर होतात काय, हे त्यांचे प्रश्न होते. किती मुले कोणत्या इयत्तेत बसली, या प्रश्नावरून किती मुले काय घेऊन बाहेर पडली, या प्रश्नाकडे दृष्टी वळली, हे त्या कामाचे महत्त्व. पुढे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ मध्ये पहिली व दुसरी या इयत्ता एक सलग घटक मानाव्यात, अशी शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला आणि आठवीपर्यंत कोणालाही त्याच इयत्तेत ठेवू नये, असा नियम देशभर झाला. आता मघाच्या शाळेकडे पुन्हा पाहावे. नापास करणे थांबताच तिथल्या पहिलीचा पटही साठावर येईल, आणि कागदावरची हानी शून्य होईल. मुलांच्या वाचनात एका अक्षराचीही भर पडलेली नसली, तरी तक्ता निर्दोष दिसेल. पूर्वी जो तक्ता नसलेली हानी दाखवत होता, तोच आता असलेली हानी झाकू शकतो. २००५ पासून ग्रामीण जिल्ह्यांत घरोघर जाऊन मुलांकडून साधा उतारा वाचून घेणाऱ्या ‘असर’ पाहणीला महत्त्व आले ते यामुळे. २०१५ मध्ये राजस्थानचे तत्कालीन शिक्षणमंत्री वासुदेव देवनानी यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय उपसमितीकडे हा विषय गेला. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त होऊन पाचवी व आठवीत परीक्षा, पुनर्परीक्षा आणि त्यानंतर त्याच इयत्तेत ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियम केले.

जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करताना आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. खानापूर तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, आज तो सांगलीत आहे. या भागातील गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. समजा, असे एखादे कुटुंब जयपुरास गेले आणि त्यांचा मुलगा तिथल्या सोडाला भागातील शाळेत बसू लागला. इयत्तावार आकड्यांत तो सांगली जिल्ह्यात गळाला आणि जयपूर जिल्ह्यात कोठून तरी उगवला. दोन जिल्ह्यांचे दोन तक्ते चुकले, आणि मुलगा मात्र रोज शाळेत जात होता. शाळांची राष्ट्रीय माहिती २०२२-२३ पासून विद्यार्थिनिहाय गोळा होऊ लागली, तेव्हा कुठे जनरल रजिस्टरमधील ती एकेका मुलाची ओळ कचेरीपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

यापुढे एखाद्या जिल्ह्याचा तक्ता समोर आला, तर त्याला तीन आकडे विचारावेत: शंभरांपैकी किती वर गेली, किती तिथेच राहिली, किती शाळेबाहेर पडली. या तिहींची बेरीज शंभर झाली पाहिजे. चौथा प्रश्न निराळाच विचारावा लागतो, की जी वर गेली त्यांना वाचता येते काय? चढवावे की ठेवावे, हा वाद शतकभर चालला आहे. त्या वादाचा निकाल काहीही लागो, पहिलीत बसलेल्या मुलाला त्याच वर्षी वाचायला शिकवणे, हे काम दोन्ही पक्षांना चुकवता येणारे नाही.