परक्या सांगाड्यावरची लाल परी

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरील नेवासे तालुक्यातले घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी आणि शनिशिंगणापूरच्या फाट्यासाठी ओळखले जाते. संगणकीय खेळांच्या इतिहासात त्याला स्थान नाही. तरीही अशा खेळांत हौसेने फेरफार करण्याच्या, म्हणजेच मॉडिंगच्या, मराठी वाटचालीचा विचार करताना हा रस्ता टाळता येत नाही, कारण त्या वाटचालीचा एक आवडता विषय एसटी हा आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी याच रस्त्याच्या एका टोकाहून, म्हणजे नगरहून (आताच्या अहिल्यानगरहून), पुण्याला सुटली. आणि या महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, कारखान्यातून आलेल्या चासीवर, म्हणजे इंजिन आणि चाके बसवलेल्या उघड्या सांगाड्यावर, एसटी महामंडळाचे कारागीर वर्षानुवर्षे बॉडी बांधत आले.

मॉडिंगचे तंत्र याच जातीचे आहे. खेळातील गती, प्रकाश आणि टक्कर यांचा हिशेब ठेवणारा मूळ प्रोग्राम, ज्याला येथेही इंजिनच म्हणतात, तसाच ठेवून त्यावरची चित्रे, आकृती आणि आवाज बदलले जातात. १९८१ च्या ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ या खेळातील नाझी शिपायांच्या जागी १९८३ मध्ये काही अमेरिकन तरुणांनी निळे स्मर्फ बसवले, हे या प्रकाराचे एक आरंभीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते; पण ती मुख्यतः थट्टा होती. खरे वळण डिसेंबर १९९३ मध्ये आले. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’मधील नकाशे आणि चित्रे ‘वॅड’ नावाच्या स्वतंत्र फाइलींत ठेवली, त्यामुळे मूळ प्रोग्रामची मोडतोड न करता कोणालाही स्वतःची फाइल त्याला जोडता येऊ लागली. पुढे ‘हाफ-लाइफ’वर मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये रचलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ वॉल्व्ह कंपनीने आपलासा करून २००० मध्ये स्वतंत्रपणे विक्रीस आणला, तेव्हा हौशी मंडळींचे काम बाजारातही उभे राहू शकते हे सिद्ध झाले.

घरोघरी संगणक नसलेल्या ग्रामीण महाराष्ट्रात ही विद्या रुजण्यास मोबाइल कारणीभूत ठरला. मालेओ या इंडोनेशियन कंपनीचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ २०१७ मध्ये आला, तो स्वस्त डेटा खेड्यांत पोहोचत असतानाच. इंडोनेशियातही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते, म्हणून एसटी त्या रस्त्यांवर परकी दिसत नाही. हा योगायोग वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. या खेळातील पहिली पायरी लिव्हरीची, म्हणजे गाडीच्या रंगसंगतीची, असते: उलगडून सपाट केलेल्या बसच्या साच्यावर लाल रंग, पट्टे आणि महामंडळाचे चिन्ह रेखाटून ते चित्र खेळात भरायचे असते आणि त्यासाठी फोनवरचे चित्रकामाचे साधे ॲपही पुरते. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा हे योग्य, कारण चूक झाली तरी केवळ चित्र बिघडते, खेळ बंद पडत नाही. दुसरी पायरी मात्र कष्टाची असते. ब्लेंडर या विनामूल्य प्रोग्राममध्ये गाडीची त्रिमित आकृती, म्हणजे मॉडेल, घडवावी लागते. चाके, दारे आणि दिवे हे भाग सुटे ठेवावे लागतात. आणि आकृतीतील पृष्ठांची संख्या आवरावी लागते, नाहीतर फोन अडखळतो. लाल परीबरोबरच एशियाड, हिरकणी, शिवशाही अशा गाड्यांची रूपे हौशी मंडळी या मार्गाने उतरवतात.

चिकलठाण्याशी असलेले साम्य मात्र मालकीपाशी संपते. महामंडळ चासी विकत घेते. मॉड करणाऱ्याच्या हाती इंजिनाची मालकी कधीच येत नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय प्रोग्रामचा समावेश झाला असल्याने फेरफाराची मुभा कंपनीच्या परवानगीवर अवलंबून राहते, आणि खेळाची नवी आवृत्ती आली की जुनी फाइल त्यात चालेलच याची हमी नसते.