ज्याच्यासमोर बोलता येतं : नेतृत्वाच्या अभ्यासाची प्रस्तावना

नेतृत्वाच्या अभ्यासाकडे माणसं बहुधा अडचणीतून येतात. वर्गावर शिकवणारी शिक्षिका एका जूनमध्ये मुख्याध्यापिका होते आणि कालपर्यंत स्टाफरूममध्ये मोकळेपणानं बोलणारे सहकारी आज तिला पाहून विषय बदलतात. राखीव जागेवर सरपंच झालेल्या बाईंना ग्रामसभेत प्रश्न विचारला की उत्तर त्यांचे यजमान देतात. वॉर्डात झालेली चूक इन्चार्ज सिस्टरला सगळ्यांत शेवटी कळते. अशा वेळी पुस्तकांच्या दुकानात गेलं तर हाती लागतात ती उभं कसं राहावं, आवाज कसा लावावा, हातवारे किती करावेत हे सांगणारी पुस्तकं. सभाधीटपणा यावा म्हणून ती जरूर वाचावीत. पण या तिघींची अडचण त्यांनी सुटत नाही. तिघींसमोरचा प्रश्न एकच आहे : आपण जिथं बसतो, तिथं कोणाला काय बोलता येतं?

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडून ठेवतो. नेत्याची पारख त्याच्या भाषणावरून होते असं आपण धरून चालतो. खरं तर त्याच्यासमोर इतरांना, विशेषतः त्याच्याहून लहान पदावरच्या माणसाला, नको असलेली गोष्ट किती निर्धास्तपणे सांगता येते, यावरून ती करायला हवी. नेत्याचा स्वभाव आणि त्याचं संवादकौशल्य हे दोन वेगळे विषय नव्हेत, हेही तिथंच दिसून येतं. हे शिकता येतं, मात्र त्याला वर्षं लागतात.

आपल्याकडे या विषयाची बैठक जुनी आहे. ‘दासबोधा’त उत्तम लक्षणांचा समास आहे, तसाच मूर्खलक्षणांचा आणि पढतमूर्खाचाही आहे. माणसाचे गुण बोलण्या-वागण्यात कसे उतरतात याचं इतकं बारीक निरीक्षण असलेला ग्रंथ नव्या अभ्यासकानं आधी वाचावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयीची सूचना आहे. आंबा-फणसासारखी झाडं रयतेनं लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, म्हणून ती जबरदस्तीनं तोडू नयेत. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं. राज्यकर्त्यानं प्रजेशी कसं बोलावं हे इथं एका झाडाच्या निमित्तानं सांगितलं आहे, आणि मला ते कुठल्याही सर्वसाधारण उपदेशापेक्षा अधिक उपयोगाचं वाटतं.

पण नेता घडतो कसा, हे टप्प्याटप्प्यानं पाहायचं असेल तर मी गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे बोट दाखवीन. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकमध्ये १८६६ साली जन्मलेला, गरिबीत शिकलेला हा तरुण न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली तयार झाला. ही तयारी मुख्यतः टेबलावरची होती. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे ताडून पाहायचे, अर्जाचा मसुदा करायचा, रानड्यांनी तो तपासला की पुन्हा लिहायचा. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांच्या मागे रानड्यांचं मार्गदर्शन आणि गणेश व्यंकटेश जोशींनी पुरवलेली आकडेवारी होती. उलटतपासणीत ते टिकले ते या बळावर. पुढं १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सरकार शिलकी अंदाजपत्रकाबद्दल समाधानी असताना त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं, की ही शिल्लक देशाच्या भरभराटीची नसून रयतेवर लादलेल्या जादा कराची आहे. त्या भाषणाचं वजन आवाजातून आलेलं नव्हतं. त्यामागे पंधरा वर्षांचं वाचन होतं.

या दोन घटनांच्या मधे एक कठीण प्रसंग आहे, आणि अभ्यासकानं त्यावर थांबायला हवं. गोखले इंग्लंडमध्ये असतानाच पुण्याहून त्यांना पत्रं आली. प्लेगच्या बंदोबस्तावरच्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं त्यांत लिहिलं होतं. गोखल्यांनी विश्वास ठेवला आणि तिथल्या वृत्तपत्रातून ते जाहीरपणे सांगितलं. दरम्यान पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, धरपकड सुरू झाली, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. गोखले परतले तेव्हा आरोप सिद्ध करील असा पुरावा उभा राहीना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली असती तर जबाबदारी वाटली गेली असती, आणि त्या दिवसांत त्या माणसांचं काय झालं असतं ते सांगायला नको. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत आणि स्वतः बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनीच त्यांना दुबळं ठरवलं, आणि ही टीका त्यांना बरीच वर्षं पुरली.

ती माफी योग्य होती का, यावर आजही वाद घालता येईल, आणि घालावा. नेतृत्वाच्या अभ्यासात मला त्यातलं वेगळंच काही मोलाचं वाटतं. ज्यांनी विश्वासानं आपल्याला काही सांगितलं, त्यांना गोखल्यांनी उघडं पडू दिलं नाही. जे सिद्ध करता येत नाही ते सिद्ध करता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. लोकांनी नेत्याला खरं सांगावं अशी अपेक्षा असेल, तर सांगणाऱ्याचं पुढं काय होतं याला फार महत्त्व येतं. ही गोष्ट धैर्याची आहे तशीच संवादाचीही.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. तिथं नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी होती, तिचा मोठा भाग अभ्यासात आणि उरलेला देश हिंडण्यात घालवायचा. लोकांसमोर उभं राहण्याआधी एवढी तयारी मागणारी संस्था आपल्याकडे त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. जानेवारी १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी असाच सल्ला दिला : वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. गोखले त्याच फेब्रुवारीत गेले, तरी गांधीजींनी तो शब्द पाळला. दोन वर्षांनी चंपारणमध्ये त्यांनी कामाची सुरुवात केली ती हजारो रयतांच्या जबान्या लिहून घेण्यापासून, आणि प्रत्येकाला उलटसुलट प्रश्न विचारून, टिकेल तेवढंच नोंदवण्यापासून. रानड्यांच्या टेबलापासून चंपारणपर्यंतची ही ओळ मला तरी स्पष्ट दिसते.

पाश्चात्त्य विद्यापीठांत या विषयाची वाटचाल दुसऱ्या रस्त्यानं झाली. थॉमस कार्लाइलनं १८४१ मध्ये इतिहास म्हणजे थोर पुरुषांचं चरित्र असं मांडलं, आणि पुढं पुष्कळ काळ अभ्यासक थोरपणाचे गुण मोजत राहिले : उंची, बुद्धी, आत्मविश्वास, वाक्‌चातुर्य. राल्फ स्टॉगडिल या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये तोवरच्या संशोधनांचा आढावा घेतला. अमुक गुण अंगी असले की माणूस नेता होतो असं त्यातून निघालं नाही. गुणांचा संबंध सोबतच्या माणसांशी आणि हातातल्या कामाशी जुळावा लागतो, असं निघालं.

त्याच्या थोडं आधी कुर्ट लेविन यांनी अमेरिकेतल्या आयोवामध्ये केलेला प्रयोग अजून शिकवला जातो. लेविन ज्यू होते आणि नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून आले होते. हुकूमशाहीत माणसाचं काय होतं, हा त्यांच्यासाठी नुसता पुस्तकी प्रश्न नव्हता. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. काही गटांचा प्रमुख हुकूम सोडणारा, काहींचा मुलांना विचारून ठरवणारा, काहींचा नुसता हजर असणारा. हुकूम सोडणाऱ्याच्या गटात तो समोर असेपर्यंत काम चाललं आणि तो खोलीबाहेर गेला की ढेपाळलं. विचारून चालणाऱ्यांच्या गटात तो बाहेर गेला तरी मुलं कामात राहिली. हुकमाच्या गटांत मुलं एखाद्यालाच धरून छळू लागली, हेही नोंदलं गेलं. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी बैठकीतून अध्यक्ष उठून गेल्यावर काय होतं ते पाहावं, ही सवय मला त्यानंच लावली.

खालच्या माणसाला बोलता आलं नाही तर काय घडतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण विमानवाहतुकीतलं आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएमचं जंबो जेट उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना धावपट्टीवर सुटलं. पुढं पॅन अ‍ॅमचं विमान अजून त्याच पट्टीवर होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि ते विमान बाजूला झालं नाही का, असं त्यानं विचारलंही. कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतर वैमानिकांना प्रशिक्षण देणारा. त्यानं ठासून ‘हो’ म्हटलं. इंजिनिअरनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. ५८३ माणसं मेली. यानंतर, १९७९ पासून, अमेरिकेत वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा एक नवा भाग उभा राहिला. कनिष्ठानं शंका कशी लावून धरावी आणि कॅप्टननं ती कशी मागून घ्यावी, हे त्यात सरावानं शिकवतात. १९८९ मध्ये युनायटेडच्या एका डीसी-१० विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा हवेतच निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांचं, इतकंच नव्हे तर प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाचंही साहाय्य घेत ते सू सिटीला उतरवलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी त्याचं श्रेय या प्रशिक्षणाला दिलं.

रुग्णालयांवर काम करताना एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात उलटी वाटणारी गोष्ट आढळली : चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत औषधांच्या चुका अधिक नोंदलेल्या होत्या. तिथं चुका जास्त होत होत्या असं नव्हे. तिथल्या परिचारिका त्या सांगू शकत होत्या. वर म्हटलेल्या इन्चार्ज सिस्टरनं आधी वाचावं ते हे संशोधन.

आपल्या गावांत मात्र या विदेशी अभ्यासांनी पुरेसं भागत नाही. कॉकपिटमध्ये प्रत्येकाला निदान खुर्ची असते. आपल्याकडे जातीनं आणि बाईपणानं पुष्कळांना बसायची जागाच नाकारली होती, आणि ज्याला जागाच नाही त्याला बैठकीचं तंत्र शिकवून उपयोग नसतो. डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढलं, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. स्वतःचं पत्र, स्वतःची सभा उभी करणं हा नेतृत्वाच्या अभ्यासाचा पहिला धडा इथं ठरतो. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि स्त्रियांना पंचायतीत जागा मिळाली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव झाल्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशी तरतूदही आपल्या कायद्यात आहे. जिथं ती खरोखर भरते तिथं नळाचा किंवा दारूच्या गुत्त्याचा प्रश्न एकटी बाई मांडत नाही. त्यावर बायकांचं आधी बोलणं झालेलं असतं, आणि यजमानांना मधे पडायला वाव उरत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं बहुमतापेक्षा सर्वसहमतीनं निर्णय घेण्याची रीत ठेवली आणि माहिती घेण्यासाठी वेगळे अभ्यासगट चालवले. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षं चाललेलं हे सावकाश बोलणं होतं.

ज्यांना या अभ्यासात उतरायचं आहे, त्यांनी आपल्याच संस्थेच्या प्रोसीडिंग बुकापासून सुरुवात करावी. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं, अमुक ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. पानामागून पान असंच असतं. कोणी हरकत घेतली, ती काय होती, मग ती का मागे घेतली, हे कुठंही सापडणार नाही. पुढच्या बैठकीला एक वेगळी वही घेऊन कोपऱ्यात बसावं. पहिलं कोण बोललं, अध्यक्षांनी आपलं मत आधी सांगितलं की शेवटी, विरोधी मत आल्यावर पुढचा माणूस बोलला की सगळे गप्प झाले, कोणाचं वाक्य मधेच तोडलं गेलं, शिपायाला किंवा लिपिकाला माहीत असलेली गोष्ट त्याला कोणी विचारली का, एवढंच लिहावं. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा, बचत गट, गृहनिर्माण संस्था, शाळांच्या व्यवस्थापन समित्या, सगळीकडे हे पाहता येतं. अशा नोंदी मराठीत फार थोड्या आहेत. आयोवाच्या मुलांवर जेवढं लिहिलं गेलं, तेवढं आपल्या एका ग्रामसभेवरही लिहिलेलं नाही, आणि हे काम त्या सभेत बसणाऱ्यांनाच करता येण्यासारखं आहे.